विजेच्या बिलावर नाव लिहिता येत नाही

आमच्या शाळेत वर्ग सात, शिक्षक चार आणि भिंतीवरची घड्याळं चौदा. प्रत्येक घड्याळाच्या तबकडीवर कुणाचे तरी वडील, कुणाची तरी आई, आणि खाली लाल अक्षरांत 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पंख्यांच्या पात्यांवरही नावं होती. पंखा बंद असला की ती वाचता यायची, म्हणजे बहुतेक वेळा यायची. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेची ही शाळा मी नऊ वर्षं चालवली. प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून. प्रभारी म्हणजे काम सगळं मुख्याध्यापकाचं आणि पगार शिक्षिकेचा. कायमचा मुख्याध्यापक सरकारला परवडत नव्हता, मी परवडत होते.

गावाची रीत तशी चांगली. घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेराव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला शाळेला काहीतरी द्यायचं. माईकवर पुकारा व्हायचा, टाळ्या पडायच्या, मग वस्तूवर नाव घालून ती शाळेत यायची. मी कधी नको म्हटलं नाही. सरकार देत नाही, मेलेली माणसं देतात, तर घ्यावं. फक्त तुम्हाला काय पाहिजे, हे कुणी विचारायचं नाही. आमच्याकडचे खडू संपलेले असायचे आणि दारात घड्याळ यायचं.

सरकार अगदीच देत नव्हतं असंही नाही. वर्षाला एक अनुदान असायचं. पटावर मुलं किती, त्यावर ते ठरायचं, आणि त्यातून खडू, झाडू, फिनेल, फुटकी कौलं आणि विजेचं बिल एवढं सगळं भागवायचं. मी नवीन होते तेव्हा ते दिवाळीच्या आत यायचं. पुढं मार्चमध्ये यायला लागलं, आणि अर्धंच. एका वर्षी तर एकतीस मार्चच्या दुपारी आलं. संध्याकाळपर्यंत खर्च करा, नाहीतर परत जाईल. तालुक्यातले निम्मे मुख्याध्यापक त्या दिवशी एकाच कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभे, आणि सर्व्हर बंद. पैसे आले तसे गेले. पुढच्या वर्षी पत्र आलं, मागील निधी अखर्चित राहिल्यामुळे यंदा कपात करण्यात येत आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल.

आणि मग एक वर्ष असं आलं की काहीच आलं नाही. आलं ते पत्र. राज्याच्या तिजोरीवरील ताण लक्षात घेता निधीची तरतूद होताच कळवण्यात येईल, तोपर्यंत शाळांनी लोकसहभागातून आपल्या गरजा भागवाव्यात. मी सातवीच्या वर्गावर होते. एकीकडे पोरांना अपूर्णांक दिले होते आणि दुसरीकडे हे पत्र तोंडातल्या तोंडात वाचत होते. पहिल्या रांगेत एक मेंढपाळाची पोर बसायची. तेरा वर्षांची, केसांना तेल चोपडलेलं, आणि प्रश्न विचारायची भारी खोड.

"बाई, तरतूद म्हंजी काय?"

"नाही म्हणायची सभ्य पद्धत," मी म्हटलं.

पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. मी पुसायला सांगितलं नाही.

जानेवारीत वायरमन आला. तरुण पोरगा, याच शाळेत शिकलेला. पाया पडला, चहा घेतला, बिस्कीट घेतलं, मग म्हणाला, "मॅडम, लाईन तोडायला आलतो."

"अरे, शाळा आहे ही."

"शाळा हाय म्हणून तर यादीत सगळ्यात शेवटी ठिवली. वरून लई प्रेशर हाय, मॅडम. माझी बी नोकरी हाय."

बिल दोन वर्षांचं थकलेलं. तो खांबावर चढला, मी खाली उभी राहून बघत राहिले, आणि उतरताना त्यानं पुन्हा एकदा माफी मागितली. इतक्या अदबीनं माझं नुकसान आजवर कुणी केलं नव्हतं.

दिवे गेले याचं मला काही वाटलं नाही. दिवसाची शाळा, उजेड फुकट. डिजिटल वर्गाच्या पडद्यामागं पालींनी कधीचा संसार थाटला होता, त्यांचीही काही तक्रार नव्हती. पण मोटार गेली. बोअरमधलं पाणी मोटारीनं वर टाकीत चढायचं आणि टाकीतून मुलींच्या संडासात यायचं. दोन दिवस कसंबसं चाललं. तिसऱ्या दिवशी वास व्हरांड्यापर्यंत आला आणि मी दाराला कुलूप घातलं. ते कुलूप घालताना राग कुणावर काढायचा हे काही कळत नव्हतं.

लहान लेकरं बाभळीमागं जातात. मोठी मुलं कुठंही जातात, त्यांना सगळं रान मोकळं. सहावी-सातवीच्या मुली जात नाहीत. त्या काय करतात, तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. दुपारी त्यांचे ओठ सुकलेले असतात, डोकं दुखतं, आणि विचारलं तर म्हणतात काही नाही बाई. पाळीच्या दिवसांत तर सरळ घरी. मुंबईतल्या तिजोरीवर ताण आला म्हणतात ना, तो तिथं थांबत नाही. तो जिल्ह्याला येतो, तालुक्याला येतो, आणि शेवटी सातवीतल्या पोरीच्या ओटीपोटात येऊन बसतो. तिथून खाली ढकलायला जागा नसते.

बाकीच्या चार दिवस बुडवून परत यायच्या. ती मेंढपाळाची पोर मात्र पाळी आली म्हणून घरी राहिली ती राहिलीच. तिची धाकटी बहीण दुसरीत होती, तिला विचारलं.

"ताई कोकरांमागं गेली," ती म्हणाली. "आता येणार न्हाई ती."

मी शाळा सुटल्यावर तशीच त्यांच्या बिऱ्हाडावर गेले. मेंढरं कॅनॉलच्या कडेला एकाच्या रानात बसवली होती. पोरीचा बाप काठीवर हनुवटी टेकवून उभा. सरळ माणूस, आवाज चढवणारा नाही.

"बाई, तुमच्या शाळेत पाणी न्हाई. वयात आलेली पोर ती, जाईल कुठं? हितं निदान आडोसा हाय, तिची माय जवळ हाय. पुढल्या साली सोयरीक बघू."

तेराव्या वर्षी सोयरीक! कायदा आठवला, भाषण आठवलं, सगळं ओठावर आलं. पण कुलूप तर मीच घातलं होतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

"लाईट का तोडली म्हणता?" त्यानं विचारलं.

"बिल थकलं. दोन शेळ्यांच्या किमतीएवढं."

तो खरंच चकित झाला. "दोन शेळ्यांसाठी सरकारनं शाळेची लाईट तोडली?"

"सरकारकडं शेळ्या नाहीत," मी म्हटलं.

तो हसला नाही. पोरगी कोकरू कडेवर घेऊन लांब उभी होती आणि आमच्याकडं बघत होती. शेवटी तो म्हणाला, "पाणी येऊ द्या बाई. मग बघू." एवढाच काय तो आधार घेऊन मी परत आले.

आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे दहाबारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, भला माणूस. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, लोकसहभाग वाढवा." मी म्हटलं, "साहेब, लोक सहभागी आहेत, सरकारला सहभागी व्हायला सांगा." ते म्हणाले, "हे मी ऐकलं नाही असं समजतो."

मग मी गावभर फिरले. पंधरा दिवस, दारोदार. आणि नाही कुणीच म्हटलं नाही! एकजण घड्याळ द्यायला तयार. एकजण सरस्वतीची मूर्ती. एकाला शाळेपुढं कमान उभारायची होती, सिमेंटची, वर दोन हत्ती. मी म्हणायची, हत्ती राहू द्या, बिल भरा. लगेच माणसाचा चेहरा उतरायचा. "बिलावर नाव कसं टाकणार, मॅडम?" बरोबरच होतं. भरलेलं बिल कुणी भिंतीला लावत नाही. वस्तूला गावात मान होता, ती ज्यावर चालते त्या विजेला नव्हता. माझे पाय दुखून आले, पण एक रुपया जमला नाही.

तेवढ्यात गावातले एक मोठे बागायतदार वारले. चांगलं वय होऊन, झोपेत. थोरला मुलगा हायवेला हॉटेल चालवायचा. तेरावा झाल्यावर तो शाळेत आला, मागं दोन माणसं, आणि त्यांच्या हातात भलंमोठं लंबकाचं घड्याळ.

माझं डोकं सटकलं. "तुमच्या वडिलांना आता किती वाजले ते बघायचं आहे का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. अगं बाई, सुतकातून उठलेल्या माणसाला हे काय बोललीस! दोघा माणसांनी खाली बघितलं. थोरला मुलगा लाल झाला. पण हॉटेलवाला माणूस, रोज शंभर तऱ्हेची गिऱ्हाइकं बघणारा. गिळलं त्यानं.

"मग काय देऊ सांगा."

मी सांगितलं. मुलींचं, पाण्याचं, कुलपाचं सगळं सांगितलं. सोयरिकीचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नाव कुठं टाकणार?"

"जिथं पैसा लागेल तिथं."

"ठळक पाहिजे. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

"दिसेल," मी म्हटलं. त्या क्षणी त्यानं माझ्या कपाळावर नाव लिहायचं म्हटलं असतं तरी मी पदर मागं सारून बसले असते.

बिल भरलं गेलं. तोच वायरमन आला, पुन्हा पाया पडला, लाईन जोडली. मोटार घुरघुरली आणि टाकीत पाणी पडायला लागलं, तेव्हा सहावीच्या मुलींनी असा कालवा केला की शेजारचा दुकानदार धावत आला. घड्याळ त्यांनी दिलंच. ते परत नेणं बरं दिसत नाही म्हणाले.

नाव घालायला गेवराईहून एक पेंटर आले. दाढी पिकलेले मुसलमान चाचा, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना घेऊन मी शाळाभर फिरले. मोटार बोअरमध्ये, जमिनीखाली. मीटर खोलीत. पंख्यांवर आधीच्यांची नावं. राहिली टाकी. ती संडासाच्या छपरावर होती आणि रस्त्यावरून दिसत होती.

"काळ्या टाकीवर रंग धरत न्हाई, मॅडम. चार महिन्यांत पापुद्रे निघतेत."

"मग खाली भिंतीवर घ्या."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ब्रश डब्यात ठेवला. "मॅडम, सोच लेव जरा. ही भिंत कशाची हाय?"

"ज्याच्यासाठी पैसे दिले त्याची आहे. पैसा कुठं लागला, चाचा? इथंच ना? मग नाव इथंच."

देवाशपथ, मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त ते दार आणि ते कुलूप. चाचांनी मान हलवली आणि काम सुरू केलं. माणूस हाडाचा कारागीर. हातहातभर अक्षरं, निळा रंग, त्याला पिवळी सावली, दोन्ही बाजूंना कमळं. 'कैलासवासी' असं सुरू होऊन 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असं संपलं. त्याच्या बरोब्बर खाली, दाराकडं बाण करून, जुन्या काळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'मुलींसाठी'. दोन्ही एका दमात वाचायचं माझ्या डोक्यात आलं नाही. गावानं तसंच वाचलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना थोरला मुलगा आला. या वेळी मागं सहासात माणसं, आणि एकाच्या हातात चुन्याची बादली.

"मॅडम, माझ्या बापाचं नाव संडासावर?"

"तुम्हीच म्हणालात, रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

"बघ बे, बघ! वर कशी बोलती ही!" तो शेजारच्याला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "सगळं गाव हसायलंय. हॉटेलात गिऱ्हाईक इचारायलंय. आत्ताच्या आत्ता पुसा, न्हाईतर लाईन कशी तोडायची ते मला बी म्हायती हाय. ज्यांनी जोडली त्यांच्याशी माझी बसउठ हाय."

खरं सांगते, मी घाबरले. नावाचं मला काही नव्हतं, पाण्याचं होतं. माझी चूक होती हेही तोवर डोक्यात शिरलं होतं. मी म्हटलं, द्या ती बादली, मीच पुसते. आणि खरंच पदर खोचून पुढं झाले.

तेवढ्यात फाटकातून त्याची आई आली. गेलेल्या बागायतदारांची बायको. कपाळ मोकळं, हातात काठी, बरोबर कुणी नाही. कुणाशी न बोलता ती भिंतीपाशी आली.

"काय लिवलं हाय?" तिनं मला विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं. बाणाचंही वाचलं.

तिनं दार ढकललं आणि ती आत गेली. दार लावून घेतलं. आम्ही सगळे, सातआठ बापे, चार शिक्षक आणि रांगेतली पोरं, त्या दाराकडं बघत उभे. आत नळ सुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पाणी वाहत राहिलं. ती बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती.

"पन्नास वर्षं मी त्या रस्त्याच्या कडंला बसले," ती मुलाला म्हणाली. "पहाटं, अंधारात. गाडीचा उजेड पडला की उठून हुबं ऱ्हायाचं. गाडी गेली की पुन्हा. तुझ्या बापानं बैलांना गोठा बांधला, टॅक्टरला शेड बांधलं. मी म्हणलं तर म्हणायचा, बाईमाणसाला संडास कावून लागतोय घरात? ऱ्हाऊ दे नाव. एवढं एक तरी त्याच्या नावावर होऊ दे."

थोरला मुलगा चपलेच्या टोकाकडं बघत राहिला. त्याचा राग गेला होता असं नाही, पण आईपुढं तो लहान पोर झाला होता. बादलीवाल्यानं बादली हळूच मागं नेली. मला त्या बाईच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. मी तिला पाणी आणून दिलं, ते तिनं उभ्यानं प्यालं आणि ती आली तशी गेली.

केंद्रप्रमुख साहेबांनी पुढच्या आठवड्यात येऊन फोटो काढले. अहवालात आमची शाळा 'लोकसहभागाचा आदर्श नमुना' म्हणून गेली. फोटो मात्र असा कापला की नाव दिसावं आणि दार दिसू नये. त्यानंतर निधीच्या मागणीची यादी झाली, तिच्यात आमची शाळा शेवटी. का, तर आम्ही स्वबळावर सक्षम.

ती म्हातारी शाळेत येऊन गेली त्याच दिवशी दुपारी मी कॅनॉलवर गेले. मेंढरं बाभळीच्या सावलीला बसली होती. पोरगी तिथंच होती, आणि शाळेतून आलेली धाकटी तिच्या पाठीला टेकून शेंगा खात होती.

"आलं पाणी," मी बापाला म्हटलं.

"ऐकलं. पर किती दीस?"

"म्हणजे?"

"म्हंजी असं, की तो म्हातारा एकदाच मेला. पुढलं बिल कोण भरायचं? सरकार देणार हाय का पैसे?"

मी मेंढरांकडं बघितलं. या माणसाला मी सहा वर्षं अडाणी समजत होते. अर्थखात्यातल्या कुणाला सुचला नव्हता तो प्रश्न त्यानं एका वाक्यात विचारला होता.

"तुमी लिहून द्या," तो म्हणाला. "पाणी बंद होणार न्हाई असं. तुमच्या सहीनं. मग धाडतो."

मी आयुष्यात किती कागद लिहून दिले असतील! न आलेल्या निधीच्या विनियोगाची प्रमाणपत्रंसुद्धा दिली आहेत, बेधडक. पोरीनं तिची वही आणली. तिनं ती मेंढरांमागंही पिशवीत ठेवली होती. तिच्याच वहीचं पान फाडून मी मांडीवर लिहिलं. ही मुलगी सातवी पास होऊन बाहेर पडेपर्यंत शाळेच्या मुलींच्या संडासाला पाणी राहील, पैसे कुठूनही येवोत किंवा न येवोत, याला जबाबदार मी. खाली सही केली आणि तारीख घातली.

बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद पोरीकडं दिला. तिनं उभं राहून, वर्गात वाचायची तसा, खणखणीत आवाजात वाचला. कुठं अडखळली नाही.

"उद्या धाडतो," बाप म्हणाला आणि त्यानं कागदासाठी हात पुढं केला.

पोरीनं कागद दिला नाही. ती तो पुन्हा एकदा मनात वाचत होती, बोट एका ओळीवर ठेवून.

"बाई, मी तर एप्रिलात जाईन," ती म्हणाली. "आन हिचं?"

धाकटी शेंग सोलत होती. दुसरीतली पोर, सातवीपर्यंत अजून पाच वर्षं. माझ्या निवृत्तीला तीन होती.

मी कागद परत घेतला आणि तिचंही नाव लिहिलं.